माध्यमव्यवस्थांचे वर्गीकरण : ‘देश’ हे एकक गोव्यात कुठे अडखळते

दर वर्षी ३ मेच्या आसपास जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांक प्रसिद्ध होतो आणि १८० देशांच्या यादीत भारत कितवा, याची चर्चा दोन-तीन दिवस चालते. २०२३ मध्ये भारत १६१ वा होता, २०२४ मध्ये १५९ वा, २०२५ मध्ये १५१ वा. २०२२ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे २०२१ च्या १४२ ची २०२२ च्या १५० शी सरळ तुलना करता येत नाही. पण वादाच्या भरात ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. मला या वादाच्या तळाशी असलेले गृहीतक अधिक महत्त्वाचे वाटते. ‘भारताची माध्यमव्यवस्था’ अशी एकच एक वस्तू आहे आणि तिला एकच अंक किंवा एकच नाव देता येते, असे आपण धरून चालतो. पणजीत छापले जाणारे इंग्रजी दैनिक, बेळगावात मूळ असलेले मराठी दैनिक आणि दिल्लीहून चालणारी हिंदी वृत्तवाहिनी यांना हे गृहीतक एका रांगेत उभे करते.

क्रमवारी आणि वर्गीकरण या दोन वेगळ्या क्रिया आहेत. क्रमवारी एकाच पट्टीवर कमी-अधिक सांगते, तर वर्गीकरण एखादी व्यवस्था कोणत्या जातीची आहे, तिचे कोणते गुणधर्म एकमेकांबरोबर येतात आणि ते का येतात, हे विचारते. दुसरा प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. म्हणूनच तो कोणत्या एककावर विचारला जातो याला महत्त्व आहे, आणि माझा आक्षेप त्या एककाविषयी आहे.

या अभ्यासाची सुरुवात साधारणपणे १९५६ पासून सांगितली जाते. त्या वर्षी सीबर्ट, पीटरसन आणि श्रॅम या तीन अमेरिकन अभ्यासकांनी वृत्तपत्रांचे हुकूमशाही, उदारमतवादी, सामाजिक जबाबदारीचे आणि सोव्हिएत साम्यवादी असे चार सिद्धान्त मांडले. ही मांडणी कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून गिरवली गेली आणि आपल्याकडेही पत्रकारितेच्या परीक्षांत तिच्यावर टिपा लिहून घेतल्या गेल्या. शीतयुद्धाची छाया तिच्यावर आहे, हा तिचा सर्वांत मोठा दोष नव्हे. वृत्तपत्रे प्रत्यक्षात कशी चालतात हे न मोजता ती कोणत्या तत्त्वज्ञानानुसार चालायला हवीत यावरून तिने देशांची विभागणी केली, हा खरा दोष आहे. खपाचा, मालकीचा किंवा वाचकांच्या मतदानाचा एकही आकडा न पाहता जगाचे चार भाग पाडता आले.

२००४ मध्ये माध्यम-अभ्यासक डॅनियल हॅलिन आणि पावलो मान्चिनी यांनी ही उणीव भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न केला. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतील १८ देश घेऊन त्यांनी चार निकष ठरवले : वृत्तपत्रांची बाजारपेठ किती व्यापक आहे; वृत्तपत्रे आणि राजकीय पक्ष वा प्रवाह यांचे सूर किती जुळतात, म्हणजे राजकीय समांतरता; पत्रकारांची व्यावसायिकता किती रुजली आहे; आणि राज्यसंस्था माध्यमांत कशी व किती हस्तक्षेप करते. या निकषांवरून त्यांनी तीन प्रतिमाने काढली. भूमध्य सागराभोवतीचे ध्रुवीकृत बहुलतावादी, उत्तर व मध्य युरोपातील लोकशाही सहमतिवादी आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील उदारमतवादी. ही आदर्शप्ररूपे आहेत, कोणताही देश त्यांत तंतोतंत बसत नाही, आणि ती जगभर जशीच्या तशी लावू नयेत, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. नंतरच्या अनेकांनी निकष उचलले आणि इशारा मागे ठेवला.

गोव्यातील वाचकाला या मांडणीत सहज रस वाटावा असे एक कारण आहे. जो देश ४५१ वर्षे गोव्यावर राज्य करून गेला, तो पोर्तुगाल या १८ देशांत आहे. त्याला इटली, स्पेन आणि ग्रीस यांच्या शेजारी, ध्रुवीकृत बहुलतावादी गटात बसवले गेले. उशिरा आलेली लोकशाही, दीर्घ हुकूमशाही, मर्यादित वाचकवर्ग आणि राजकारणाशी घट्ट बांधलेली वृत्तपत्रे ही त्यामागची कारणे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतील वृत्तपत्रांची पूर्वतपासणी ज्यांनी गोव्यात अनुभवली, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटले असते. पण २०१४ मध्ये ब्रुगेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच निकष आकड्यांत बसवून १७ पाश्चात्त्य देशांचे समूह-विश्लेषण केले, तेव्हा तीनऐवजी चार गट निघाले. पोर्तुगाल त्यांत दक्षिणेकडच्या गटात राहिला नाही. तो अमेरिका, आयर्लंड, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्याबरोबर गेला. ब्रिटन अमेरिकेपासून सुटून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या शेजारी जाऊन बसला.

यावरून वर्गीकरण हा बनाव असतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण मला तो पटत नाही. निकष स्पष्ट होते आणि मोजले गेले, म्हणूनच गट बदलला हे आपल्याला दिसू शकले. १९५६ च्या मांडणीत असे काही चुकीचे ठरण्याची सोयच नव्हती. या नव्या अभ्यासातील खरा शोध मला वेगळाच वाटतो. राज्यसंस्थेची भूमिका हा एकच निकष त्यांनी सार्वजनिक प्रसारण, मालकीचे नियमन आणि वृत्तपत्रांना मिळणारे अनुदान अशा तीन भागांत फोडला, कारण या तीन गोष्टी एकत्र वाढत किंवा कमी होत नाहीत. एका देशात सार्वजनिक प्रसारण बळकट असते आणि अनुदान शून्य असते. निकष फोडला की चित्र अधिक खरे होते, हे त्यांनी दाखवले. याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेले तर प्रत्येक निकष ज्या भूभागात काम करतो तो भूभागही वेगळा असतो हे मान्य करावे लागते. सगळे निकष एकाच राष्ट्रीय सीमेत कोंबण्याचे कारण उरत नाही.

अॅडम प्रझेव्हॉर्स्की आणि हेन्री टूण यांनी १९७० मध्येच तुलनात्मक संशोधनासाठी एक कठोर उद्दिष्ट सांगितले होते. स्पष्टीकरणात देशांची नावे शक्य तितकी काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी मोजता येणारे गुणधर्म ठेवावेत. माध्यमांच्या अभ्यासात बहुधा उलट घडले. ‘इटलीत असे असते’, ‘भारतात असे असते’ या वाक्यांनाच स्पष्टीकरण मानले गेले.

गोव्यावर हे चार निकष एकेक करून लावून पाहू.

बाजारपेठेचा निकष साधारणपणे दर हजार प्रौढांमागे किती प्रती खपतात यावर मोजला जातो आणि त्यामागे देश व वाचनभाषा यांची जोडी गृहीत असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या १४.५८ लाख लोकसंख्येत सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी ही मातृभाषा सांगितली आणि सुमारे ११ टक्क्यांनी मराठी. दैनिकांचे बळ मात्र मराठी आणि इंग्रजीकडे आहे. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत, पुढारी, गोवन वार्ता ही मराठी नावे एका दमात घेता येतात, तर देवनागरी कोकणी दैनिकांची परंपरा सुनापरान्तपासून भांगरभुंयपर्यंत अगदी मोजक्या नावांची आहे. रोमी, म्हणजे रोमन लिपीतील, कोकणीत १९३३ पासूनचे वावराड्यांचो इश्ट हे साप्ताहिक आहे. घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी आणि वाचनासाठी त्या शाळेची भाषा, हा क्रम समजून घेतल्याशिवाय गोव्यातील बाजारपेठ समजत नाही. १९०० मध्ये पोर्तुगीज दैनिक म्हणून निघालेला हेराल्ड १९८३ मध्ये इंग्रजी झाला, त्यामागेही वाचकांच्या शिक्षणाची भाषा बदलणे हेच कारण होते. आता भारताचा एकच सरासरी खप काढला तर हा सगळा गुंता त्यात विरून जातो. गोव्याचा वेगळा खप काढला तरी तो पुरेसा ठरत नाही, कारण इथल्या मराठी वाचकाची बाजारपेठ महाराष्ट्राच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावर संपत नाही. १९१९ मध्ये बेळगावात स्थापन झालेला तरुण भारत आज कर्नाटकातून, गोव्यातून आणि कोकणातून वाचला जातो. म्हणजे या निकषासाठी योग्य एकक हा तीन राज्यांत पसरलेला भाषिक प्रदेश आहे.

राजकीय समांतरतेचा निकष मात्र गोव्याच्या सीमेत अचूक बसतो. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेश राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने पडली. या लढतीत १९६२ मध्ये सुरू झालेला गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि १९६३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रमत विलीनीकरणाच्या विरोधात. राष्ट्रमतही मराठीतच निघत होता. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील या दैनिकातून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर वेगळ्या गोव्याची बाजू मराठी वाचकांपुढे मांडत राहिले. इटली किंवा स्पेनच्या संदर्भात समांतरता म्हणजे वृत्तपत्रांचे डावे-उजवे असणे. इथे ती प्रदेशाच्या अस्तित्वाच्या प्रश्नाभोवती होती, आणि पुढे कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादात, १९८५ ते १९८७ या काळात, ती पुन्हा उफाळली. डावे-उजवे अशी प्रश्नावली घेऊन आलेल्या संशोधकाला गोव्यातील वृत्तपत्रे राजकीयदृष्ट्या सौम्य वाटली असती. मोजणाऱ्याने पट्टीच चुकीची आणली तर निकालाला अर्थ राहत नाही, आणि योग्य पट्टी कोणती हे स्थानिक इतिहासच सांगतो.

राज्यसंस्थेच्या भूमिकेकडे आले की आपले संविधानच निकषाची फोड करून देते. सातव्या अनुसूचीत प्रसारण हा विषय केंद्र सूचीत आहे, तर वृत्तपत्रे, पुस्तके आणि मुद्रणालये समवर्ती सूचीत. खासगी एफएम केंद्रांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा दिली, स्वतःचे वार्ताहर नेमून बातमीपत्र चालवण्याची दिली नाही. हा निर्णय दिल्लीचा आणि तो गोव्यापासून आसामपर्यंत सारखाच लागू आहे. याउलट राज्य सरकारच्या जाहिराती कोणत्या दैनिकाला किती द्यायच्या, कोणाला अधिस्वीकृती द्यायची, हे पणजीतील माहिती व प्रसिद्धी खाते ठरवते. मोठ्या राज्यातील दैनिकाला खासगी जाहिरातदारांचा आधार असतो. छोट्या राज्यात सरकार हाच फार मोठा जाहिरातदार असतो आणि त्याची नाराजी लेखापरीक्षण न करताही संपादकाला कळते. म्हणून ‘भारतात राज्यसंस्थेचा हस्तक्षेप मध्यम आहे’ असे सरासरी विधान गोव्याविषयी काहीच सांगत नाही.

व्यावसायिकतेविषयी थोडक्यात सांगतो. तिचे मोजमाप बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या प्रश्नावलीवर चालते, आणि गोव्यासारख्या ठिकाणी ही पद्धत लंगडी पडते. माध्यमांविषयी अधिकाराने बोलू शकणारे लोक इथे मोजके आहेत, ते एकमेकांना ओळखतात, आणि उत्तर निनावी ठेवले तरी ते कोणाचे हे वाचणारा ओळखू शकतो.

राष्ट्र हे एकक अपुरे आहे असे म्हणणारा मी पहिला नाही. पॉला चक्रवर्ती आणि श्रीरूपा रॉय यांनी २०१३ मध्ये भारतातील प्रादेशिक भिन्नतेला तुलनेच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह धरला. त्याच्या आदल्या वर्षी हॅलिन आणि मान्चिनी यांनीच संपादित केलेल्या, पाश्चात्त्य जगापलीकडच्या देशांवरील संग्रहात मारवान क्रायदी यांनी सौदी भांडवल आणि लेबनानी पत्रकारिता यांच्या संबंधांतून उभ्या राहिलेल्या सीमापार अरब माध्यमव्यवस्थेचे विवेचन केले, आणि ब्राझीलचे अभ्यासक अफोन्सो द अल्बुकर्के यांनी ध्रुवीकृत बहुलतावादी हे प्रतिमान पाश्चात्त्येतर देशांसाठी उरलेसुरले टाकण्याचे फडताळ बनते आहे अशी तक्रार केली. ही तक्रार मला फार मोलाची वाटते. भारतालाही त्याच फडताळात ठेवण्याचा मोह सहज होतो, कारण राजकीय समांतरता आहे, मालकांचा हस्तक्षेप आहे, सरकारी जाहिरातींवर अवलंबित्व आहे. पण दक्षिण युरोपात त्या गटाचे एक मुख्य लक्षण मर्यादित, उच्चवर्गीय वाचकवर्ग हे होते, आणि भारतात प्रादेशिक भाषांतील वृत्तपत्रांचा खप गेल्या शतकाच्या अखेरीस झपाट्याने वाढला. चारांपैकी तीन निकष जुळले म्हणून चौथा डोळ्याआड करायचा, याला वर्गीकरण म्हणता येत नाही.

माझ्या मांडणीवर एक जुना आणि जड आक्षेप येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी अनेक समाजांची आकडेवारी मांडून तुलना केली, तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारले की हे समाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की एकाने दुसऱ्याची चाल उचलली आहे. उचलली असेल तर दहा उदाहरणे प्रत्यक्षात दोन-तीनच ठरतात. गोवा, बेळगाव आणि सिंधुदुर्ग ही तीन एकके धरली आणि तिन्ही ठिकाणी एकाच वृत्तपत्राच्या आवृत्त्या चालत असतील, तर आपण एकच गोष्ट तीनदा मोजतो आहोत. हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र तो राष्ट्रांनाही तितकाच लागू पडतो. पोर्तुगालच्या हुकूमशाहीने आपली सेन्सॉरशिप गोव्यात आणली, ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारणाचा आराखडा अर्ध्या जगाने घेतला, आणि तरीही या देशांना स्वतंत्र उदाहरणे धरले जाते. एकक लहान केल्याने ही अडचण निर्माण होत नाही. ती उघडी पडते, आणि मग तिला पद्धतीत जागा द्यावी लागते. उदाहरणार्थ, कोणत्या आवृत्त्या कोणत्या समूहाच्या आहेत याची नोंद विश्लेषणातच ठेवून.

दुसरा आक्षेप असा की असे केल्यास वर्गीकरणच उरणार नाही, प्रत्येक गाव आपला वेगळा गट मागेल. यावर चार्ल्स रेगिन यांची अंशतः सदस्यत्वाची पद्धत उपयोगी पडते. एखादी व्यवस्था गटात आहे किंवा नाही असे न म्हणता ती प्रत्येक गुणधर्माच्या संचात किती प्रमाणात आहे हे ठरवले जाते, आणि कोणते गुणधर्म वारंवार एकत्र येतात ते पाहिले जाते. मग गोव्याची समांतरता राज्याच्या पातळीवर, बाजारपेठ भाषिक प्रदेशाच्या पातळीवर आणि प्रसारण देशाच्या पातळीवर मोजून हे तिन्ही आकडे एका वर्णनात शेजारी ठेवता येतात. गोव्याला एकच नाव मिळत नाही ही यातली गैरसोय आहे. धोरण आखणाऱ्याला मात्र कोणत्या पातळीवर काय दुरुस्त करता येईल हे यातून नेमके कळते.

मालकीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण गोव्यात या पद्धतीची सर्वांत कडक परीक्षा तिथेच घेता येईल. मुक्तीनंतरच्या गोव्यात वृत्तपत्रे उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर खाणव्यवसायातील भांडवलावर. गोमन्तक चौगुले यांचा होता आणि पुढे सकाळ समूहाकडे गेला, नवहिंद टाइम्स आणि नवप्रभा धेंपो यांची, आणि अलीकडची द गोवन, गोवन वार्ता व भांगरभुंय ही फोमेंतो समूहाशी संबंधित. मालकाचे हितसंबंध बातमीत उतरतात असे आपण पटकन म्हणतो, पण केवळ मालकी दाखवून ते सिद्ध होत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. यात अभ्यासकाच्या भाग्याने एक गोष्ट घडून गेलेली आहे : धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. म्हणजे खाणबंदीच्या वेळी तीन प्रकारची दैनिके शेजारी शेजारी छापली जात होती. काहींच्या मालकांच्या खाणी चालू होत्या, काहींच्या मालकांनी त्या विकल्या होत्या, आणि काहींच्या मालकांचा खाणींशी कधी संबंधच नव्हता.

यासाठी लागणारे साहित्य उपलब्ध आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९५६ च्या केंद्रीय नियमांनुसार वृत्तपत्रे दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर मालकीचे निवेदन छापत असत, ज्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे द्यावी लागत. सरकारी जाहिरातींचा खर्च माहिती अधिकारातून आणि विधानसभेतील उत्तरांतून मिळवता येतो. २००८ ते २०१८ या काळातील अंकांतून खाणींविषयीच्या बातम्यांचे स्थान, लांबी आणि त्यात कोणाला बोलते केले आहे, म्हणजे मालक, ट्रकमालक, पर्यावरण कार्यकर्ते, शेतकरी की न्यायालय, हे दोन स्वतंत्र वाचकांकडून नोंदवून घ्यावे आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात हेही छापावे. विक्रीनंतर सूर बदललेला दिसला, तर मालकीला राज्याच्या पातळीवरचा स्वतंत्र निकष मानण्यास भक्कम आधार मिळेल. विक्रीनंतरही सूर तोच राहिला, किंवा खाणींशी संबंध नसलेल्या दैनिकांचा सूरही तसाच निघाला, तर मालकीवर मी दिलेला भर चुकीचा ठरेल, आणि डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील खाणींवर जगणाऱ्या वाचकांकडे पाहावे लागेल. तेव्हा मोजण्याचे एकक राज्याहूनही लहान, तालुक्याएवढे धरावे लागेल.